जुनी पुंटो घेऊ का? : इंजिनाची भीती सोडा, तेलाचा हिशेब मागा

वाचकाचं पत्र

नमस्कार,
मी साताऱ्यात राहतो, कॉलेजात शिकवतो. ओळखीतल्या एका गृहस्थांची २०१५ ची फियाट पुंटो इव्हो विकायला आहे. डिझेल, ९० एचपीचं मॉडेल, ८८,००० किमी झालेली, एकच मालक. पहिली पाच वर्षं अधिकृत सर्विस, नंतर बाहेरच्या गॅरेजात. चालवून पाहिली तर गाडी फारच आवडली. पण घरचे विरोधात आहेत. वडील म्हणतात, "आमच्या वेळची पद्मिनी वेगळी होती, आता फियाट म्हणजे बंद पडलेली कंपनी." मेहुणे म्हणतात, पार्ट मिळणार नाहीत. माझं रोजचं जाणं-येणं सहा-सहा किलोमीटर, आणि महिन्यातून दोनदा पुणे. गाडी किमान पाच वर्षं ठेवायची आहे. घेऊ का? आणि घेतली तर आधी काय काय तपासू?
– एक वाचक, सातारा

सल्ला

नमस्कार,

घ्या. पण दोन अटींवर. पहिली, शेवटच्या पाच वर्षांत ऑइल कधी आणि किती किलोमीटरला बदललं याचा कागद मालकाने दाखवला पाहिजे. दुसरी, साताऱ्यात किंवा पुण्यात हे इंजिन उघडून बसवलेला एक मिस्त्री तुम्ही आधी शोधला पाहिजे. यातली एक जरी गोष्ट जमत नसेल, तर गाडी कितीही आवडली तरी थांबा.

घरच्यांची शंका हवेतून आलेली नाही, म्हणून आधी तिच्याबद्दल. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली आणि १९५० च्या दशकापासून फियाटच्या गाड्या कुर्ल्यात बनू लागल्या. पुढे ११०० डिलाइट आली आणि तीच गाडी १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली गेली. १०८९ सीसीचं साधं पेट्रोल इंजिन, स्टिअरिंगला लागून गिअर, आणि गावोगावचा फिटर डोळे मिटून कार्ब्युरेटर खोलायचा. पद्मिनीचं उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं, तरी मुंबईच्या रस्त्यांवरून तिची शेवटची टॅक्सी उतरली ती ऑक्टोबर २०२३ मध्ये. ती इतकी टिकली यात गाडीच्या मजबुतीइतकाच वाटा कोपऱ्याकोपऱ्यावरच्या पार्टच्या दुकानांचा होता. वडिलांच्या मनातली फियाट म्हणजे ही गाडी.

मधल्या काळात ही सोय गेली. १९९६ मध्ये उनो आली, लोकांनी आगाऊ पैसे भरले, आणि कुर्ल्यातल्या कामगार वादात अनेकांची गाडी अडकून पडली. विश्वासाला पहिला मोठा तडा तिथे गेला. २००१ ची पालिओ गाडी म्हणून उत्तम होती. पेट्रोल जास्त पिते ही तिची ख्याती मात्र तिला कायमची चिकटली. मग टाटांबरोबर भागीदारी झाली, पुण्याजवळ रांजणगावच्या कारखान्यातून जानेवारी २००९ मध्ये लिनिया आणि त्याच वर्षी जूनमध्ये पुंटो बाहेर पडली. विक्री आणि सर्विस दोन्ही टाटांच्या शोरूममधून. २०१२ मध्ये ही व्यवस्था मोडायचं ठरलं आणि फियाटने स्वतःचं जाळं नव्याने विणायला घेतलं. ज्यांच्या गाड्या तेव्हा वॉरंटीत होत्या त्यांची या काळात फरफट झाली. एखाद्या बंपरसाठी किंवा सेन्सरसाठी आठवडेच्या आठवडे थांबायचं, आणि गाडी आवारात उभी. पुंटोवर वैतागलेल्या जुन्या मालकांशी बोललात तर बहुतेकांची तक्रार गाडी बंद पडल्याची नसते, ती दुरुस्त होऊन परत न मिळाल्याची असते. हा फरक तुमच्या निर्णयासाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे.

आता पुंटोचं इंजिन. १२४८ सीसीचं १.३ मल्टिजेट २००३ मध्ये युरोपात आलं आणि २००५ मध्ये त्याला त्याच्या गटात 'इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर' हा किताब मिळाला. भारतात सुझुकीने परवाना घेऊन ते मानेसरला बनवलं. जानेवारी २००७ मधली डिझेल स्विफ्ट, नंतर डिझायर, रिट्झ, एसएक्स४, अर्टिगा, सियाझ, ब्रेझा, या सगळ्यांच्या बॉनेटखाली हेच इंजिन डीडीआयएस नावाने होतं. टाटांच्या व्हिस्टा, मान्झा, झेस्ट, बोल्टमध्ये तेच क्वाड्राजेट नावाने. मार्च २०२० पर्यंत, बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम येईपर्यंत, या देशात जितक्या लहान डिझेल गाड्या धावत होत्या त्यांतला मोठा हिस्सा याच इंजिनावर होता. म्हणजे मेहुण्यांचं म्हणणं इंजिनाच्या बाबतीत खरं नाही. बॉडीच्या बाबतीत खरं आहे, त्याकडे पुढे येतो.

या इंजिनात क्रँक आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांना जोडणारा टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. "चेन आहे म्हणजे आयुष्यभर बघायला नको," असं विक्रेते सांगायचे, आणि बऱ्याच इंजिनांचा घात याच वाक्याने झाला. चेन एकेरी आहे, तिला ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. इंजिनात ऑइल बसतं जेमतेम तीन लिटर. कंपनीचं सर्विस अंतर होतं १५,००० किमी. इतक्या थोड्या तेलाला इतकं अंतर चालवायचं आणि त्यात डिझेलची काजळी मिसळत राहायची. काजळीने तेल काळं आणि घट्ट होतं, चेनच्या पिना झिजतात, चेन लांबते, टेन्शनर पूर्ण बाहेर येतो आणि मग चेन दात सोडते. तसं झालं की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. नशीब बरं असेल तर फक्त रॉकर तुटतात, हेड उघडून ते बदलले की भागतं. नसेल तर व्हॉल्व्ह वाकतात आणि पिस्टनलाही मार लागतो.

म्हणून गाडी पाहायला जाल तेव्हा मालकाला आधीच सांगा की गाडी सकाळपासून सुरू करू नका. गेल्यावर बॉनेटवर हात ठेवून बघा. कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी परत जा, संकोच करू नका. बॉनेट उघडा, चालकाच्या बाजूला म्हणजे उजव्या चाकाकडे उभे राहा, चेन त्या टोकाला असते. दुसऱ्याला गाडी सुरू करायला सांगा. पहिला एखादा सेकंद खर्र आवाज आला आणि लगेच थांबला, तर ऑइलचा दाब चढेपर्यंतचा तो आवाज आहे. तीन-चार सेकंद साखळी आपटल्यासारखा आवाज राहिला, किंवा इंजिन गरम झाल्यावर हलकी रेस देऊन सोडताना परत आला, तर चेनचं काम निघालंय असं धरूनच भाव करा.

हे काम स्वस्तात करायला सांगणारे भेटतील. "नुसता टेन्शनर टाकतो, आवाज जाईल." आवाज जाईलही, काही महिने. पूर्ण संच म्हणजे चेन, दोन्ही गाइड, टेन्शनर, वरचं आणि खालचं दातचक्र, क्रँकचं ऑइल सील आणि पुलीचा नवा बोल्ट. कॅम आणि क्रँक जागेवर अडकवण्याच्या पिना मिस्त्रीकडे आहेत का हे विचारा. व्हाइटनरची खूण करून काम करणारा नको. आणि एक बारीक गोष्ट, जी फार कमी जण सांगतात. टायमिंग कव्हर काढायला खालचं ऑइल चेंबर उतरवावं लागतं, आणि ऑइल पंप त्या कव्हरमध्येच असतो. चेंबर परत बसवताना गॅस्केटऐवजी सिलिकॉनचा थर लावतात. थर जाड लागला की आतल्या बाजूला फुगवटा येतो, तो सुटून तेलात पडतो आणि ऑइल ओढणाऱ्या जाळीत जाऊन बसतो. मग दाब कमी, आणि नवी टाकलेली चेन पुन्हा वाजायला लागते, टर्बोचं बेअरिंगही धोक्यात. चेंबर उतरलंच आहे तर जाळी धुऊन घ्या, आणि सिलिकॉन बारीक एकसारख्या रेघेत लावून सुकायला पुरेसा वेळ द्या. ज्या गाडीचं चेंबर आधी उघडलेलं दिसतं, कडेने सिलिकॉन बाहेर आलेलं दिसतं, तिची जाळी संशयित समजा.

गाडी तुमची झाली की मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं पूर्ण सिंथेटिक ऑइल, फिल्टरसकट, दर ७,५०० किमीला किंवा वर्षाला, जे आधी येईल तेव्हा. वर्षातून एक जास्तीचं ऑइल हा या गाडीवरचा सगळ्यात फायद्याचा खर्च आहे. ऑइलची पट्टी दर पंधरा दिवसांनी बघा. तीन लिटरमधलं अर्धा लिटर कमी झालं तर ते सहावा हिस्सा झाला.

तुमच्या वापरात एक अडचण मला दिसते. रोज सहा किलोमीटर म्हणजे इंजिन धड गरम होईपर्यंत गाडी बंद. याचा फटका ईजीआर व्हॉल्व्हला (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप) आणि टर्बोला बसतो. ९० एचपीच्या गाडीत व्हीजीटी टर्बो आहे, त्याची आतली पाती हलती असतात. काजळीने ती जाम झाली की गाडी अधूनमधून ताकद सोडते, इंजिनाचा दिवा लागतो, बंद करून परत सुरू केली की ठीक. ७६ पीएसच्या मॉडेलला साधा टर्बो आहे, तिथे हे दुखणं नाही. तुमचा वापर रोजच्या सहा किलोमीटरांपुरताच असता, तर मी सरळ नको म्हटलं असतं. पण महिन्यातून दोनदा पुणे आहे, तेवढ्याने बरंच भागतं. ज्या आठवड्यात पुणे नाही, त्या आठवड्यात अर्धा तास गाडी हायवेला न्या, चौथ्या गिअरमध्ये २,५०० ते ३,००० आरपीएमवर चालू द्या.

चालवून बघताना खंबाटकी घाट सोयीचा आहे. तिसऱ्या गिअरमध्ये १,५०० आरपीएमपासून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. दोन हजारांच्या खाली गाडी मंद वाटेल, हा दोष नाही, ९० एचपीच्या मॉडेलचा २०९ एनएम टॉर्क दोन हजारांवरच मिळतो. त्यानंतर ओढ एकदम आणि सलग आली पाहिजे. मागे काळा धूर आणि बरोबर शिट्टीसारखा आवाज असेल तर इंटरकूलरचा रबरी पाइप फाटलाय, काम किरकोळ आहे. धूर नाही पण दम मध्येच तुटतो, तर व्हीजीटीकडे किंवा त्याच्या व्हॅक्यूमच्या नळ्यांकडे बघायला हवं. आधी नळ्या. बऱ्याचदा कडक होऊन चिरलेली एक नळी बदलली की टर्बो खोलायची वेळच येत नाही. ईजीआर काढून कार्ब क्लीनरने धुता येतो, बसवताना गॅस्केट नवं घाला. तो कायमचा बंद करून देतो म्हणणाऱ्याचं ऐकू नका, प्रदूषणाच्या नियमात ते बसत नाही.

घाट उतरताना तापमानाचा काटा बघा. मध्यावरून खाली सरकत असेल तर थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय. इंजिन कायम थंड चालतं, डिझेल जास्त जातं, काजळी वाढते. पार्ट मोठा नाही, पण दुर्लक्ष करू नका. कूलंटच्या टाकीत लालसर स्वच्छ पाणी हवं. तपकिरी गाळ दिसला तर कुणीतरी हिरवं कूलंट लालमध्ये मिसळलंय. सगळं काढून, धुऊन, एकाच प्रकारचं भरावं लागेल.

क्लच या गाड्यांचा मुळातच जड. पण पायाला लागण्याइतका जड आणि वरच्या टोकाला पकडणारा असेल तर प्लेट संपत आलीय. ८८,००० वर हा खर्च धरून चाला. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदला, कारण गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरीच मोठी असते.

सस्पेन्शन ही पुंटोची खरी श्रीमंती आहे, आणि ज्यांनी ही गाडी दहा-बारा वर्षं विकली नाही ते बहुतेक त्यासाठीच. हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग, जड दरवाजे, शंभरच्या वेगात खराब पॅच आला तरी रेष न सोडणारी गाडी. तुम्हाला ती आवडली यात नवल नाही. स्पीडब्रेकरवरून अगदी हळू जाताना पुढून खट् आवाज आला तर लिंक रॉड किंवा लोअर आर्मचे बुश, दोन्ही रोजच्या झिजेतली कामं. स्टिअरिंग टोकापर्यंत फिरवून धरल्यावर पंप कण्हत असेल तर तेल कमी आहे, आणि ते कुठून गळतंय हे गाडी वर उचलून बघा. स्टिअरिंग रॅकच्या रबरी बुटात तेल साठलं असेल तर काम महाग.

इलेक्ट्रिकची भुतं या गाड्यांच्या मागे बरीच लावली गेली. एकाच वेळी एबीएस आणि इंजिनाचे दिवे लागतात, सेल्फ आळसावतो, मग कुणी बॅटरी बदलतं, कुणी अल्टरनेटर, कुणी थेट ईसीयूच (इंजिनाचा कंप्युटर) खराब ठरवतं. पुष्कळदा दोष असतो बॅटरीच्या निगेटिव्हपासून गिअरबॉक्सला जाणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीत. ती गंजते. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवा, सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर पट्टी बदला. बाकी सगळी शोधाशोध त्यानंतर. बंद गाडीत बॅटरी १२.६ च्या आसपास आणि चालू गाडीत साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट हवी. स्कॅन करून घ्यालच, तर फियाटच्या गाड्यांसाठीचं मल्टीईसीयूस्कॅन हे सॉफ्टवेअर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे जा. साध्या ओबीडी यंत्राला बॉडी कंप्युटरचे कोड नीट वाचता येत नाहीत. आणि दोन्ही चाव्या हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका, दुसरी चावी नव्याने कोड करून घेणं आता कटकटीचं आहे.

आता पार्ट. इंजिनाचा संच, क्लच, फिल्टर, ग्लो प्लग यांची चणचण नाही. व्हीजीटीचा पार्ट शोधताना दुकानदाराला मान्झा, व्हिस्टा डी९०, झेस्ट, एसएक्स४, अर्टिगा ही नावं सांगा. पण घराणं एक असलं तरी प्रत्येक पार्ट जसाच्या तसा बसत नाही. चेंबर, इंजिन माउंटिंग, रबरी पाइप, वायरिंगचे कनेक्टर वेगवेगळे असतात, तेव्हा जुन्या पार्टवरचा नंबर जुळवूनच घ्या. फियाटची मूळ कंपनी जानेवारी २०२१ पासून स्टेलँटिसमध्ये आहे आणि पार्ट मोपार नावाने येतात, जीपच्या वर्कशॉपमधून मागवता येतात. रांजणगावचा कारखानाही चालू आहे.

मेहुणे बरोबर आहेत ते बंपर, हेडलाइट, मडगार्ड, काचा आणि दरवाजाचे हँडल यांच्या बाबतीत. या वस्तू दुसऱ्या कुठल्या गाडीच्या चालत नाहीत आणि दरवर्षी कमी होत जाणार. घेण्याआधी मागच्या-पुढच्या चारही दरवाजांचे हँडल आतून-बाहेरून, डिकीचं बटण, सगळ्या काचा तपासा. घेतल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत बाहेरची हँडलं आणि जमल्यास हेडलाइटची एक जोडी घरात आणून ठेवा, जुनी पण शाबूत असली तरी चालेल. विम्याचंही गणित समजून घ्या. इतक्या जुन्या गाडीचं विमा मूल्य कमी असतं आणि दुरुस्ती त्याच्या ७५ टक्क्यांवर गेली की कंपनी गाडी टोटल लॉस धरते. समोरून बसलेल्या एका मध्यम धडकेत चांगली चालती पुंटो अशी भंगारात जाऊ शकते. म्हणून नूतनीकरणाच्या वेळी विमा मूल्य उगाच खाली आणू देऊ नका.

कागदांत आरसीवरची तारीख बघा. २०१५ ची गाडी म्हणजे पंधरा वर्षं २०३० ला पूर्ण होतात. तुम्हाला पाच वर्षं ठेवायची आहे, म्हणजे शेवटाकडे फिटनेस आणि पर्यावरण कर भरून नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवण्याचा प्रश्न उभा राहणार, तो भाव ठरवतानाच डोक्यात ठेवा.

भाव ठरवायची पद्धत सोपी आहे. मिस्त्रीकडून चेनचा पूर्ण संच, क्लचचा पूर्ण संच आणि टायर चार वर्षांहून जुने असतील तर चार टायर, यांचा मजुरीसकट लेखी आकडा घ्या आणि मालकाने मागितलेल्या रकमेतून वजा करून बोलणी सुरू करा. टायरच्या कडेला चार आकडी खूण असते, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. ऑइल बदलल्याची बिलं मालकाने दाखवली आणि थंड इंजिन शांत सुरू झालं, तर चेनची रक्कम निम्मीच वजा करा. बिलं अर्धवट असतील तर पूर्ण धरा, आणि गाडी ताब्यात आल्यावर पहिल्या आठवड्यात चेंबर उतरवून चेन बघायला लावा, आवाज असो वा नसो.